‘ट्रीप’ हे माप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर मुलाच्या हट्टापायी आमच्या अंगणात लॉन करायचे ठरले. हेच अंगण सासूबाई पाऊस सरला की चोपून, शेणाने सारवून लख्ख ठेवायच्या. त्यांनी इतकी वर्षे घट्ट केलेली जमीन आता गवतासाठी आम्ही कुदळीने मऊ करत होतो. खाली वीतभर गेले की जांभा दगडच, म्हणून वर घालायला माती विकत घेणे आले.

मी तीसेक वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे आधी कागद घेऊन बसले. जागा 30 बाय 20, म्हणजे 600 चौरस फूट. थर सहा इंचांचा, म्हणजे 300 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे तीन ब्रास. नवी माती पाणी पडले की बसते, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरला. झाले 360 घनफूट. विकणाऱ्याने फोनवर सांगितले, एका ट्रीपला, म्हणजे गाडीच्या एका खेपेला, दोन ब्रास येते. दोन ट्रीपा सांगितल्या. चाळीसेक घनफूट माती उरेल, ती कुंड्यांना होईल, असा माझा आपला हिशेब.

पहिली ट्रीप आली तेव्हा मी बँकेत होते. परत येईपर्यंत कामगारांनी घमेल्यांनी ती पसरूनही टाकली होती. दुसरी माझ्यासमोर गेटपाशी ओतली आणि ढीग पाहूनच मनात पाल चुकचुकली. दोन ब्रास एवढीशी?

ढिगाच्या पोटातून टेप जात नाही. म्हणून कपडे वाळत घालायची दोरी तळाभोवती फिरवली, एक टोक नातवाने धरले. परीघ भरला पावणेअडतीस फूट, म्हणजे त्रिज्या सहा. माथ्यातून लोखंडी सळी खालच्या फरशीला टेकेपर्यंत खुपसली, मातीच्या रेषेवर बोट धरून वर ओढली. उंची साडेतीन फूट. आता शंकूचे घनफळ. बावीस सप्तमांशाला साडेतीनने गुणले की बरोबर अकरा येतात. असे गणित मी परीक्षेत घातले असते तर ‘टीचरने आकडे जुळवून आणले’ असे पोरे म्हणाली असती. उत्तर आले 132 घनफूट. ढीग काही पुस्तकातल्या आकृतीसारखा रेखीव नसतो, दहा-बारा घनफूट इकडचे तिकडे होतील हे मान्य. पण 132 चे 200 होत नाहीत. पैसे मात्र दोन ब्रासचे मोजले होते.

फोन केला तर उत्तर मिळाले, ‘टीचर, माती वाटेत दबते.’ दबते खरी, पण गाडीचा हौदा वर करून ओतली की पुन्हा सैलही होते! पुढच्या आठवड्यात तीच गाडी शेजारी आली, तेव्हा माती ओतण्याआधी चालकाला थांबवून टेप लावली. हौदा आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, माती सव्वादोन फुटांपर्यंत. म्हणजे 135 घनफूट. माझ्या दोरीने फारसे फसवले नव्हते. चालक बिचारा पगारी माणूस. हसून म्हणाला, ‘हांगा सगळीं ट्रीपीनच घेतात.’ (इथे सगळे ट्रीपनेच घेतात.)

दुखणे नेमके हेच आहे. गाड्यांचे हौदे लहानमोठे, कोणी काठोकाठ भरतो, कोणी अर्धा, आणि ट्रीप मात्र सगळ्यांची एकच! आपण बाजारात पाव किलो भेंडी घेताना काट्याकडे डोळे लावून उभे राहतो आणि चार-पाच टन माती डोळे मिटून घेतो. वजनावर घेण्यातही अर्थ नाही, कारण ओली माती पाण्याचेही पैसे घेते.

मापाइतकाच मातीचाही प्रश्न आहे. आमची माती दिसायला लालभडक, सुरेख. पण तिच्यात ना एक मूळ, ना गांडूळ. जांभ्याचे खडे मात्र घमेलेभर निघाले. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवून ठेवली. रेती लगेच तळाशी बसली, पाणी मात्र दोन दिवस लालच. वर काडीकचरा, कुजलेले पान असे काही तरंगलेच नाही. ही कुठल्यातरी पायाच्या खड्ड्यातली खालची माती, भरावाला ठीक. बागेला लागते ती वरची वीतभर, काळपट तपकिरी, जिच्यात झाडोरा कुजलेला असतो. कुठून आणली विचारले तर चालकाने ‘वयल्यान’ (वरून) म्हणत हनुवटीने डोंगराकडे खूण केली. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ प्रमाणे परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही, हे मला ठाऊक होते. तरी हा प्रश्न मी पैसे दिल्यावर विचारला. तेवढा दोष माझा.

शेवटी थोडे चांगले कुजलेले शेणखत मिसळून निभावले. शेण कच्चे असेल तर मुळे खाणारी हुमणी अळी आलीच समजा.

आपल्या वृत्तपत्रामार्फत वजन-माप खात्याला एकच विनंती आहे. 2009 चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे आणि व्यवहार प्रमाणित मापातच व्हावा असे तो सांगतो. त्या हिशेबाने ब्रासही बसत नाही. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. माती, रेती, खडी वाहणाऱ्या प्रत्येक टिप्परच्या हौद्यावर आतली लांबी, रुंदी, उंची रंगाने लिहायला लावा, आणि पावतीवर ‘1 ट्रीप’ऐवजी घनमीटर. रंगाचा एक डबा आणि ब्रश, एवढाच खर्च. मग टेप घेऊन गेटवर उभे राहायला गणिताची टीचर लागणार नाही.

तोपर्यंत, पहिली ट्रीपही तेवढीच धरली तर मी घेतलेल्या दोन ट्रीपांत 264 घनफूट माती आली, ती बसल्यावर सहा इंचांच्या थराने 440 चौरस फूट झाकले गेले. विहिरीकडचा 20 बाय 8 चा पट्टा तसाच राहिला. मुलगा म्हणतो अजून एक ट्रीप सांगूया. मी तिथे अबोली लावली आहे.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका, डिचोली