सूचनांच्या आधी पालकांना धीर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकटकाळात लहान मुलांना कसे सांभाळावे, यावर वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते. मात्र सांभाळणाऱ्याचाच स्वतःवरचा विश्वास डळमळला असेल तर काय, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. २०२० च्या टाळेबंदीत माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती. ती रात्री दचकून उठे, बोलताना अडखळे, आणि ‘मुलांसमोर चिंता दाखवू नका’, ‘दिवसाचे वेळापत्रक आखा’ असे सल्ले वाचताना, आपण आई म्हणून कमी पडतो आहोत, एवढेच माझ्या मनात ठसत गेले.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा विश्वास चार गोष्टींतून येतो: स्वतः ती करून पाहिल्याने, आपल्यासारख्या इतरांना ती जमताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि शरीर-मन स्वस्थ असल्याने. संकटात झोप उडते, आप्त दुरावतात, धीर देणारेच धास्तावलेले असतात. हाती उरते ती पहिली गोष्ट. मी एवढेच ठरवले, की रोज निजताना ओल्या फडक्याने मुलीचे पाय पुसायचे, बोटे मोजायची आणि दिवा मालवायचा. आठवड्याभराने तिने आपणहून पाय पुढे केला आणि म्हणाली, “आधी करंगळी.” कित्येक दिवसांत प्रथमच मला वाटले, की हे मला जमते आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बालगृहे चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना आढळले होते, की लहान मुले बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासूनच्या ताटातुटीने अधिक खचतात. मुलाचा खरा आधार जवळचे माणूसच असेल, तर त्या माणसाला उभे ठेवणे हेही बालसंगोपनच नव्हे काय? अर्थात, ज्या घरातला रोजगार गेला आहे तेथे नुसत्या धीराने भागत नाही. तेथे आधी मदतच पोहोचली पाहिजे.

म्हणून विनंती, की अशा काळात आपण सल्ल्यांच्या लांबलचक याद्यांऐवजी एका वेळी एकच, पाच मिनिटांत करता येण्याजोगी गोष्ट सुचवावी आणि सामान्य पालकांचे अनुभवही छापावेत. तसेच मुलाला लस देण्यासाठी आलेल्या आईवडिलांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी ‘काय अडचण आहे’ याआधी ‘घरी काय नीट चालले आहे’ असे विचारावे.

आपली विश्वासू,
एक पालक