बंब येईपर्यंत काय?

संपादक महोदय,

दर उन्हाळ्यात आमच्या भागात कुठे ना कुठे कडब्याची गंज पेटते. बंब तालुक्याच्या गावी. तो वस्तीवर पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. गेल्या चैत्रात शेजारच्या वस्तीवर गोठा पेटला. म्हैस वाचली ती केवळ म्हातारीने विळ्याने दावं कापलं म्हणून. भेदरलेल्या जनावरापुढे दाव्याची गाठ कुणाला सुटते! तेव्हापासून आमच्या गोठ्याच्या मेढीला विळा टांगलेला असतो, आणि गंज गोठ्यापासून लांब. विजेच्या तारेखाली तर मुळीच नाही.

घरात वेगळीच तऱ्हा. सिलिंडर आला, पण तो पेटत्या चुलीशेजारीच ठेवतात. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो आणि थेट निखाऱ्याशी जातो. वास आला तर विजेचं बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारं उघडावीत, चुलीत विस्तव असेल तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावं, आणि बाहेरून गॅसगळतीच्या १९०६ या मदत क्रमांकाला फोन लावावा. नारिंगी नळी ५ वर्षांनी बदलायची असते. आमच्याकडे ती फाटेपर्यंत चालते.

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर गावात येतोच. ग्रामपंचायतीने त्याला एक डिझेल पंप आणि लांब पाइप जोडून ठेवावा. फार खर्चाचं काम नाही, पण ग्रामसभेत विषय निघाला की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतात.

– एक शेतकरी, ता. माण, जि. सातारा