३१ डिसेंबरची सभा : सर्व सदस्यांसाठी

यंदा ३१ डिसेंबरला आपली दारू सोडणाऱ्यांची सभा रात्री ९ ते १२.३०, दादरच्या नेहमीच्या खोलीत. ती रात्र कुणीही एकट्याने काढू नका. सभा खुली आहे, घरच्यांनाही आणा.

नवीन माणसाला आधीच सांगा: फी नाही, आडनाव विचारत नाही, बोलायची सक्ती नाही.

पण रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडून त्याला थेट सभेला आणू नका, ही कळकळीची विनंती. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम होऊन जिवावरही बेततं. हात थरथरत असतील, घाम फुटत असेल तर आधी केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयात दाखवा. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन : १४४४६.

फोटो, रेकॉर्डिंग नको. परतताना नवख्याला स्टेशनपर्यंत सोडा.