गोठ्यामागचा आंबा

प्रिय दत्त्या,

मी इतके दिवस गप्प राहिलो त्याबद्दल शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. तब्येत ठीक. वहिनींकडून कळलं की गोठ्यामागचा आंबा रविवारी पाडताय आणि गडी म्हणतोय, "दोर लावून उलट ओढू." तेवढ्यासाठीच हे पत्र.

अरे, दोर फक्त ओढ देतो. झाडाला वळण लावते ती बिजागरी, म्हणजे पडण्याच्या बाजूची खाच आणि तिच्या विरुद्ध अंगाचा मागचा काप यांच्यामध्ये न कापता राखलेली पट्टी. ती तुटली की झाड आपल्या मूळच्या कलानंच जातं. तुझा आंबा गोठ्याकडे कललाय, जाड फांद्याही त्याच अंगाला. ओळंबा धरून दोन बाजूंनी बघ, म्हणजे पटेल. आधी त्या फांद्या दोर बांधून उतरवा. मग झाड उलट नको, कलाला आडवं, वाडीकडे पाडा.

घेर सहा फूट, म्हणजे व्यास तेवीस इंच धर. वाडीकडच्या अंगाला पाच इंच खोल खाच, तोंड ७० अंशांचं. वरचा-खालचा काप एकाच रेषेत मिळू दे. एखादा आत जास्त गेला तर तिथं पडलेली फट लगेच मिटते आणि बिजागरी वेळेआधी फाटते. मागचा काप खाचेच्या कोपऱ्याहून दोन बोटं वर. (तू 'सपाटीत' म्हणणार, शिमग्यात त्यावरूनच भांडलास! ती पायरी बुंध्याला मागे सरकू देत नाही, बाबा.) बिजागरी गोठ्याकडच्या टोकाला दोन इंच, विरुद्ध टोकाला तीन, कारण ताण तिथं जास्त.

काप पुरेसा आत गेला की लगेच पाचर ठोका, उशीर केला तर पातं चिमटतं. पाचर लाकडी हवी. लोखंडी असेल आणि करवतीची साखळी तिला लागली, तर दात गेलेच.

दोर दोन तृतीयांश उंचीवर बांधा. पन्नास फुटी झाडाला शंभर फूट दोर तरी हवा. शेजारच्या फणसाला कप्पी लावून ओढणाऱ्यांना पडण्याच्या रेषेबाहेर उभं करा. कापणाऱ्याची पळवाट मागे तिरकी, ४५ अंशांत, आधीच साफ. थेट मागे उभं राहायचं नाही, बुंधा उसळतो. गुरं आधीच लांब बांध.

कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकून बघ. ढोलासारखा वाजला किंवा लाकूड कोरडं निघालं, तर वरचं गणित सोड. शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनी उतरवा, चार दिवस जास्त गेले तरी चालतील. गडी कुरकुरेल. तुझ्या काकांच्या पत्त्यांच्या डावापेक्षा तरी कमीच वेळ लागेल!

आणि परवानगी? आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. वनखात्याचा कागद नसेल तर रविवार विसर.

सोनीचा निकाल काय? दुकानाचं छप्पर झालं का? लिही. आणि गड्याचा नंबर पाठव, दोर कुठला आणतोय ते मला विचारायचंय.

तुझा,
बाळ्या