इथे फुस म्हणजे अख्खा पाय

प्रिय आई, बाबा,

परवा बाबांनी फोनवर विचारलं की आत्याच्या चिमीला जर्मनीला नर्स म्हणून यायचंय तर काय काय लागतं, तेव्हा माझी ड्युटी सुरू होत होती म्हणून नीट बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे, सगळं लिहिते, आत्यालाही वाचून दाखवा.

कागदपत्रांचं ती शिकेल. बी टू पातळीपर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी बोलता-लिहिता येईल इतकं जर्मन पाहिजे, मग डिग्रीची मान्यता, त्यासाठी परीक्षा नाहीतर काही महिन्यांचा कोर्स. पण मला आल्याआल्या जे जड गेलं ते यातलं काहीच नव्हतं.

पहिल्याच महिन्यात एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणाल्या फुस दुखतोय. मी पुस्तकात शिकले फुस म्हणजे पाऊल, मी पाऊल बघितलं, घोटा बघितला, सूज नाही काही नाही, तसं लिहून टाकलं. संध्याकाळच्या सिस्टरने चादर वर केली तर मांडी सुजलेली. तेव्हा कळलं की इकडे श्टुटगार्टकडच्या श्वेबिश बोलीत फुस म्हणजे कमरेपासून खाली अख्खा पाय. आई, आपण पण तसंच म्हणतो ना गं, पाय दुखतोय, मग मांडी असो की टाच! मला तर सगळ्यात आधी कळायला हवं होतं. त्या रात्री मी खूप रडले. आजी बऱ्या झाल्या, पण तेव्हापासून मी दुखतंय म्हटलं की हात लावून दाखवा म्हणते, प्रत्येकाला.

दुसरं म्हणजे अंघोळ, भरवणं, कूस बदलणं. मिरजेला हे पेशंटची सून नाहीतर बहीण करायची, आपण सलाईन आणि इंजेक्शनं बघायचो. इथे हे सगळं नर्सचंच काम, आणि शिरेतली बरीच इंजेक्शनं डॉक्टर देतात. आपल्या मुलींना वाटतं आपल्याला खालचं काम दिलं, आणि इथल्यांना वाटतं हिला बेसिक पण येत नाही. दोघांनाही कोणी आधी सांगितलेलं नसतं, याचा मला फार राग येतो. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल माणसं पाठवायचा करार पण केला, मग ही एवढी गोष्ट दोन्हीकडच्या वॉर्डांनी एकमेकांना आधी सांगायला नको का?

आणि शिकायचं काय फक्त आम्हीच? १९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान कामगार करारानंतर तिकडून कामाला आलेली माणसं आता म्हातारी होऊन आमच्या वॉर्डात येतात. एका तुर्की आजींना संध्याकाळचा गार ब्रेड जाईना, मुलगा घरून गरम सूप आणायचा, पाठोपाठ सात-आठ नातेवाईक. बाकीच्या सिस्टर वैतागल्या. मी म्हटलं आमच्याकडे पण आजारी माणसाला गरम मऊ भात लागतो आणि एकटं सोडत नाहीत, मग त्यांना बसायची मोठी खोली उघडून दिली. पुढच्या तुर्की आजोबांना मीच न विचारता सूप गरम करून नेलं, तर त्यांना गार ब्रेड आणि चीजच हवं होतं, ५० वर्षं इथे काढलेली! बीएस्सीला लायनिंजर या अमेरिकन नर्सबाईंची थिअरी मी मार्कांसाठी पाठ केली होती, पेशंटची संस्कृती समजून घेऊन सेवा करा म्हणून. त्याआधी त्याच माणसाला विचारावं लागतं, हे या आजोबांनी शिकवलं.

आमच्या नवीन नर्सेसना शिकवणाऱ्या बाई तयार आहेत, महिन्यातून एक रविवार पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलींशी व्हिडिओ कॉल करायचा. त्या श्वेबिश बोलतील, आपल्या मुली त्यांना सांगतील की हो म्हणताना आपण मान कशी हलवतो, आणि थोरामोठ्यांसमोर दुखणं का लपवतो. पहिला कॉल येत्या रविवारी, तुमच्या संध्याकाळी सातला, माझे साडेतीन. चिमीला नक्की बसवा, आणि तिला आधीच सांगा की टेपिश म्हणजे पुस्तकात गालिचा, पण इकडची आजी टेपिश मागते तेव्हा तिला थंडी वाजत असते, अंगावर ब्लँकेट घालायचं.

आई, गुडघ्याची गोळी वेळेवर घे.

तुमची
ताई