सुध्या, ट्रुब्रिजच्या बाबतीत तू जिंकलास

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तुझे दोन मिस्ड कॉल बघून मोबाइल पालथा ठेवला होता, हेही कबूल करून टाकतो. शिव्या साठवून ठेव, मे महिन्यात येतोय तेव्हा समोरासमोर घाल. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे.

मी घरी आहे. जहाज नाही.

गेल्या पावसाळ्यात एका खाडीतल्या बंदरात भरलेलं जहाज न्यायचं होतं. बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटने पहाटेची भरती ठरवली, मी हो म्हटलं. रात्री अडीचला चीफ ऑफिसर कागद घेऊन ब्रिजवर आला. बारवर, म्हणजे खाडीच्या तोंडच्या वाळूच्या पट्ट्यावर, लाटांचा स्वेल एवढा, चालताना जहाज खाली दबतं तो स्क्वॉट एवढा, पेंद्याखाली जेमतेम अर्धा मीटर उरतोय. मी त्याला हाकललं. तासाभराने तोच कागद घेऊन पुन्हा हजर. मग मी आकडे नीट बघितले आणि नांगर उचलायचा नाही म्हणून सांगितलं. पोरगा म्हणाला, सर, याला छाती लागते.

पाण्यात तेवढंच खोल बसणारं दुसरं जहाज त्याच भरतीला सुखरूप आत गेलं. मी चहाचा कप धरून त्याचा स्टर्न लाइट दिसेनासा होईपर्यंत बघत उभा होतो.

पुढचं तू ओळखलंच असशील. पाच दिवस बाहेर, जहाज भाड्याने घेतलेल्या चार्टररचा दावा, मग चौकशी. चौकशीत मी निर्दोष. 'कॅप्टन, तुमचं काहीच चुकलं नाही.' तेव्हापासून कंपनीचं 'कळवतो' चालू आहे.

आता कळलं ना, हे तुलाच का लिहितोय? बायको म्हणते, निर्दोष सुटलात तर तोंड कसलं पाडता. तिला रूम नंबर अकरातलं भांडण माहीत नाही. पहिल्या महायुद्धातले ते दोन ब्रिटिश अॅडमिरल, एक भिडला, एक मागे फिरला; मी क्रॅडॉकवाला, तू ट्रुब्रिजवाला. मी ट्रुब्रिजला भित्रा म्हटलं, तू माझ्या अंगावर वरण ओतलंस. (मुद्दाम ओतलंस. हात लागला वगैरे अजून सांगत असशील तर बंद कर.)

परवा सगळं पुन्हा वाचून काढलं. ७ ऑगस्ट १९१४ची पहाट. ट्रुब्रिजकडे चार जुन्या क्रूझर, समोर 'गोबेन' ही जर्मन युद्धनौका, तिच्यावर अकरा इंची दहा तोफा. त्याच्या स्वतःच्या 'डिफेन्स'वर सगळ्यात मोठ्या तोफा ९.२ इंची, त्याही चारच. वरून हुकूम की वरचढ ताकदीशी भिडायचं नाही. अंधारात गाठली तर जवळून मारा करता येईल म्हणून हा निघाला, पण उजाडायच्या आत गाठणं जमेना. आणि 'डिफेन्स'चा कॅप्टन रे, तोफखान्यातला दर्दी, भिडू नका म्हणायला त्याच्याकडे रात्रीत दोनदा आला, सुध्या. दोनदा! दुसऱ्या खेपेला ट्रुब्रिजने आरमार वळवलं आणि रडला. त्यावर रेने त्याच्या धैर्याची तारीफ केली.

आपण तासन्‌तास तोफांचे पल्ले मोजत बसलो, या तारिफेपाशी कधी थांबलोच नाही. कुणी 'घाबरलात' म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. 'छाती लागते'ला काय उत्तर देणार?

क्रॅडॉकचं सोपं होतं असं आता वाटायला लागलंय. ट्रुब्रिजची काय गत झाली ते त्याच्या कानावर होतं. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलला तो वरचढ जर्मन जहाजांना भिडला आणि 'गुड होप', 'मॉनमथ' मिळून सोळाशेच्या आसपास माणसं घेऊन बुडाला. चारच दिवसांनी इंग्लंडात पोर्टलंडला 'बुलवर्क' या युद्धनौकेवर ट्रुब्रिजचं कोर्ट-मार्शल सुरू. सन्मानाने निर्दोष. त्याच महिन्यात 'बुलवर्क' स्वतःच्याच दारूगोळ्याने फुटून सातशेहून जास्त माणसं गेली. हे वाचलं की मला अजून बसल्या जागी हलायला होतं.

आणि तुझा हुकमाचा पत्ता, जटलंडची लढाई. १९१६ला त्याच चारातली 'डिफेन्स' मोठ्या जर्मन जहाजांच्या तोंडी गेली आणि क्षणात उडाली, एकही वाचला नाही. 'ब्लॅक प्रिन्स' आणि 'वॉरियर'ही त्याच लढाईत गेल्या. हिशेब बरोबर होता, मान्य. पण 'गोबेन' इस्तंबूलला पोचली आणि तुर्कस्तान युद्धात उतरलं, हेही तितकंच खरं. ट्रुब्रिजला समुद्र पुन्हा मिळाला नाही. सर्बियात डॅन्यूबवर तोफा सांभाळल्या, १९१९ला अॅडमिरल झाला, पुढे डॅन्यूबच्या आंतरराष्ट्रीय कमिशनचा अध्यक्ष. नेल्सनच्या जोडीदाराचा पणतू, नदीवर! तो पणजोबाही नाईलच्या लढाईत आपलं जहाज 'कलोडन' उथळ पाण्यात रुतवून बसला होता. म्हणजे त्या घराण्यात पाण्याच्या खोलीचं कुणालातरी कळायला शंभर वर्षं लागली. हस, हस.

रत्ना नोकरीला लागली, ऐकलं. छान. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? बागेत फवारणी वेळेत कर, मागच्या वर्षीसारखी रडगाणी नकोत.

मलाही माझी नदी सांगून आलीय. कॅडेटांना शिकवायचं, पगार निम्मा, रोज रात्री घरी. जूनपासून. आठवड्यात उत्तर द्यायचंय. त्या चीफ ऑफिसरचा परवा फोन आला होता, त्याला कमांड मिळाली. मी अभिनंदन केलं, मनापासून केलं की नाही ते तू ठरव.

घेऊ का नोकरी? हो की नाही एवढंच लिही. आणि वरणाच्या त्या शर्टाचे पैसे अजून बाकी आहेत.

तुझा,
बंड्या