व्हॉल्व्हचा मालक कोण, हे विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर दोनदा आभार मानायला गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. म्हणून हे उघड पत्र.

आमचा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमधला, पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा. ऑपरेटरना आपले नियम आपणच लिहिता यावेत म्हणून मी त्यात लुआ ही छोटी प्रोग्रॅमिंग भाषा बसवली होती. आमच्या क्लासच्या ऑब्जेक्टचे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या व्हॉल्व्ह-सेन्सरचे, नुसते पॉइंटर (मेमरीतले पत्ते) लुआच्या हाती दिले होते; अशा नुसत्या पत्त्याला लुआत लाइट यूजरडेटा म्हणतात. तास-दोन तास सगळं सुरळीत चालायचं, मग प्रोग्रॅम कोसळायचा. तीन आठवडे मी लुआलाच दोष देत बसले होते.

तुम्ही कोड उघडायच्या आधी विचारलंत, "या व्हॉल्व्हचा मालक कोण? लुआ की तुझा प्रोग्रॅम?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दोन संध्याकाळी तुम्ही माझ्यासोबत बसलात. सगळ्या लाइट यूजरडेटांना मिळून एकच मेटाटेबल (मूल्य कसं वागेल ते सांगणारा तक्ता) असतं, त्यामुळे त्याच्या आधारे व्हॉल्व्ह कुठला नि सेन्सर कुठला हे ओळखता येत नाही, हे तिथे कळलं. फुल यूजरडेटा (लुआने स्वतः सांभाळलेला मेमरीचा तुकडा) घेतला, प्रत्येक क्लासला नाव देऊन वेगळं मेटाटेबल केलं, आणि प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत ते तपासलं. आत कच्च्या पॉइंटरऐवजी वीक पॉइंटर, म्हणजे मालकी न घेणारा पॉइंटर, ठेवला. मालकी प्रोग्रॅमकडेच राहिली, लुआने दर वेळी विचारायचं, "आहे का अजून?"

लुआ कचरा (वापरात नसलेली मेमरी) गोळा करताना फक्त आपली मेमरी सोडते, सी प्लस प्लसचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारं फंक्शन) आपणहून बोलावत नाही. तो जीसी मेटामेथडमधून (कचरा गोळा होताना लुआ बोलावते त्या फंक्शनमधून) आपणच बोलवायचा, हे मला एकटीला सुचलं नसतं. दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर देताना लाँगजंप मारते, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून थेट मागे उडी घेते, आणि वाटेतल्या लोकल ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालतीलच याची खात्री राहत नाही. म्हणून शेअर्ड पॉइंटर (ऑब्जेक्टची मालकी वाटून घेणारा पॉइंटर) आधी सोडायचा, एरर नंतर. हे तुम्ही कागदावर स्टॅक (चालू फंक्शनांची चळत) काढून समजावलंत. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र, १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत जन्मलेली, हे तुम्ही चहा पिताना सांगितलंत. त्या दिवसापासून मी तिच्यावर चिडले नाही.

परवा रात्रपाळीत एका ऑपरेटरने काढून टाकलेला व्हॉल्व्ह स्क्रिप्टमधून उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर आलं : "ओळ १४ : हा व्हॉल्व्ह आता नाही." त्यांनी ओळ बदलली, पंप चालू राहिला. मला सकाळी कळलं.

तुमची,
रोज स्टॅक मोजणारी